बेसबॉल टीम पोरं निवडते कशी आणि निवडल्यावर चार-चार वर्षं करते काय

प्रश्न असा होता की अमेरिकेतल्या बेसबॉल टीम्स दरवर्षी अठरा-वीस वर्षांची पोरं ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तिथे, घेतात, काहींना कोट्यवधी रुपये बोनस देतात, आणि मग ती पोरं तीन-चार वर्षं टीव्हीवर दिसतच नाहीत. आपल्याकडे आयपीएलमध्ये बोली लागली की पुढच्या सीझनला पोरगा मैदानात, मग हे लोक एवढं थांबतात कशाला आणि निवडतात तरी काय बघून? मी बरीच वर्षं याच कामात आहे, आधी स्काउटिंगमध्ये होतो आणि आता प्लेयर डेव्हलपमेंटमध्ये, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

थांबतात का, याचं उत्तर १९७३ मध्येच मिळालंय. टेक्सास रेंजर्स तेव्हा तळाची टीम, स्टेडियम रिकामं. त्यांनी ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर ह्यूस्टनचा डेव्हिड क्लाइड नावाचा डावखुरा पिचर (बॉल टाकणारा) घेतला, वय १८, हायस्कूल नुकतंच संपलेलं, आणि मायनर लीगमध्ये (खालच्या, तयारीच्या लीग) न पाठवता त्याच जून महिन्यात त्याला थेट मेजर लीगमध्ये (सगळ्यात वरची लीग) उभा केला. स्टेडियम खचाखच भरलं, बाहेरच्या ट्रॅफिकमुळे मॅच उशिरा सुरू करावी लागली, आणि पोरगा जिंकला सुद्धा! पाच इनिंग, आठ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), फक्त एक हिट. पण त्याच पाच इनिंगमध्ये सात वॉक होते, वॉक म्हणजे चार खराब बॉल टाकून बॅटरला फुकटात पहिल्या बेसवर पाठवणं. कोच माणूस ते सात वॉक बघतो आणि म्हणतो याला अजून वेळ द्या, मालक भरलेलं स्टेडियम बघतो. ठरलं होतं की दोन मॅच खेळवून खाली पाठवायचं, पण तिकिटं खपत होती म्हणून ठेवून घेतला. करिअर संपलं १८ विजय आणि ३३ पराभवांवर, आणि पंचविशीच्या आसपास मेजर लीगचा विषयच संपला. आजही आमच्या मीटिंगमध्ये कोणी घाई करायला लागलं की क्लाइडचं नाव निघतंच.

आता ही घाई का नडते ते बघा. मेजर लीगमध्ये आज फास्टबॉल सरासरी ताशी ९४ मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण १५० किलोमीटर, हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत (बॅटर उभा असतो ती जागा) यायला जेमतेम ०.४ सेकंद. हायस्कूलच्या पोराने आयुष्यात बहुतेक ऐंशीच्या घरातले बॉल मारलेले असतात, ते पण मेटलच्या बॅटने, आणि आठवड्यातून दोन-तीन मॅच. इथे लाकडाची बॅट, सहा महिन्यांत १६२ मॅच, म्हणजे जवळजवळ रोज, आणि समोरचा पिचर तुमची कमजोरी व्हिडिओवर बघून आलेला. टॅलेंट तिथे असतंच हो, पण बॉल ओळखून सोडायची सवय लागायला हजारो बॉल बघावे लागतात आणि त्याला शॉर्टकट मला तरी आजवर दिसलेला नाही.

ड्राफ्टचे नियम पटकन सांगतो कारण ते कळल्याशिवाय निवडीचं लॉजिक कळत नाही. ड्राफ्ट १९६५ पासून आहे. आता २० राउंड असतात, पूर्वी ४० असायचे आणि त्याच्याही आधी ५०. ३० टीम्स, जुलैमध्ये. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोमधली पोरं यात येतात, एकतर हायस्कूल संपलेली, नाहीतर चार वर्षांच्या कॉलेजात तीन वर्षं झालेली किंवा २१ वर्षांची झालेली, आणि ज्युनियर कॉलेजवाली (दोन वर्षांचं कॉलेज) कधीही. २०२३ पासून पहिल्या सहा पिक्ससाठी (पिक म्हणजे निवडीची एक पाळी) लॉटरी निघते, प्लेऑफला न पोचलेल्या १८ टीम्सची, म्हणजे मुद्दाम हरून पहिला नंबर पक्का करता येत नाही. बहुतेक पिक्स ट्रेड करता येत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैशाचा पूल. पहिल्या दहा राउंडमधल्या प्रत्येक पिकला एक ठरलेली किंमत असते, त्यांची बेरीज म्हणजे तुमचा पूल. त्यावर पाच टक्क्यांपर्यंत गेलात तर टॅक्स, त्याच्या पुढे गेलात तर टॅक्स शिवाय पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक जातो. म्हणून पाच टक्क्यांची रेघ कोणी ओलांडत नाही.

पण पुलातला पैसा कोणाला किती द्यायचा हे तुमच्या हातात असतं, आणि खरी बुद्धी इथे लागते. हा नियम २०१२ ला पहिल्यांदा लागू झाला आणि त्याच वर्षी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने दाखवून दिलं की असं वापरायचं. त्यांचा पहिला नंबर होता, त्याची ठरलेली किंमत ७२ लाख डॉलर. सगळे म्हणत होते स्टॅनफर्डचा पिचर मार्क अ‍ॅपल घेतील. त्यांनी घेतला पोर्तो रिकोचा सतरा वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) कार्लोस कोरेया आणि सही केली ४८ लाखांत. कोरेयाला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं, तो पहिला जाईल असं फार कोणाला वाटत नव्हतं. उरलेले २४ लाख डॉलर घेऊन ते ४१ व्या पिकला लान्स मॅकलर्स ज्युनियरकडे गेले, ज्याला इतर टीम्स घाबरत होत्या कारण तो फ्लोरिडा युनिव्हर्सिटीला जायचं म्हणत होता, त्याला २५ लाख दिले, म्हणजे त्या जागेच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट, आणि चौथ्या राउंडला रिओ रुईझला साडेअठरा लाख. म्हणजे एका पिकचे पैसे वाचवून पहिल्या दर्जाची तीन पोरं. २०१७ ला अ‍ॅस्ट्रोज वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा कोरेया शॉर्टस्टॉपला होता, आणि त्याच्या आधीच्या यँकीजविरुद्धच्या निर्णायक मॅचमध्ये मॅकलर्सने शेवटचे सलग २४ बॉल कर्व्हबॉल (वळून खाली पडणारा बॉल) टाकले होते. त्या जेतेपदाला पुढे साइन चोरीच्या (समोरच्या टीमचे इशारे चोरून बघायच्या) प्रकरणाचा डाग लागला, ती गोष्ट वेगळी आणि मला अजिबात आवडलेली नाही, पण २०१२ चा तो ड्राफ्ट म्हणून चांगलाच होता.

याच कारणाने तुम्हाला आठव्या-नवव्या-दहाव्या राउंडमध्ये कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची पोरं दिसतील जी अगदी थोड्या बोनसवर सही करतात. त्यांच्याकडे घासाघीस करायला काही नसतं, कॉलेज संपलेलं असतं. तिथे वाचलेला पैसा वरच्या राउंडमधल्या हायस्कूलच्या पोराला जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा कोण निवडला, पण तो पिक म्हणजे दुसऱ्या पिकचे पैसे असतात.

हायस्कूलच्या पोराकडे मात्र हुकमाचं पान असतं, ते म्हणजे मी कॉलेजला जातो. म्हणून एरिया स्काउटचं अर्धं काम मैदानावर आणि अर्धं पोराच्या घरात. एरिया स्काउट म्हणजे दोन-तीन राज्यं ज्याच्या वाट्याला आहेत तो माणूस, वर्षभर गाडीतच असतो, या सगळ्या धंद्यात सगळ्यात कमी पगारात सगळ्यात जास्त राबणारा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. घरी गेल्यावर तो आईवडिलांशी बोलतो, शिक्षणाचं काय ठरलंय, किती पैशाला सही करेल, आणि गुपचूप बघत असतो की बापाची उंची किती, मोठा भाऊ केवढा झालाय, आईचे खांदे कसे आहेत, कारण सतरा वर्षांचं सडपातळ पोरगं बावीसला कसं दिसेल याचा अंदाज तिथे मिळतो. मैदानावर पण नवशिका माणूस मॅच बघतो, जुना स्काउट मॅचच्या आधीची प्रॅक्टिस बघतो. होमपासून फर्स्ट बेसपर्यंत स्टॉपवॉच लावायचं, उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद म्हणजे मेजर लीगची सरासरी, डावखुऱ्याला ४.२ कारण तो बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो. कॅचरने बॉल घेतल्यापासून सेकंड बेसवर पोचेपर्यंत २.० सेकंद. आणि मग बघायचं की तीनदा आउट झाल्यावर पोरगं डगआउटमध्ये बसतं कसं, हेल्मेट आपटतं की पुढच्या बॅटरला काहीतरी सांगतं.

मार्क देतात ते २० ते ८० च्या स्केलवर, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. कॉन्टॅक्ट, पॉवर, धावणं, फील्डिंग, थ्रो, असे पाच मार्क आणि प्रत्येकाचे दोन आकडे, आजचा आणि पुढचा. हायस्कूलच्या चांगल्या हिटरला आज २५-३० आणि पुढे ५५ असं लिहिलेलं असतं. या दोन आकड्यांच्या मधली जी दरी आहे ना, तीच आम्ही विकत घेतो, आणि ती भरायची जबाबदारी डेव्हलपमेंटवाल्यांची.

म्हणून मला जे सांगायचंय ते हे की ड्राफ्ट आणि डेव्हलपमेंट ही दोन वेगळी कामं नाहीत. बाहेर सगळे बोलतात की सर्वात चांगला खेळाडू घ्या. पण पहिली पाच-सहा नावं सोडली तर प्रत्येक पोरात काहीतरी दोष असतोच, नाहीतर तो तुमच्यापर्यंत आलाच नसता. खरा प्रश्न हा की यातला कुठला दोष आपल्या कोचेसना दुरुस्त करता येतो. ज्या टीमकडे पिचर सुधारणारी माणसं आहेत त्यांनी वेडावाकडा पण जिवंत हात घ्यावा, ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी तोच पोरगा सोडून द्यावा. एकाच पोराची किंमत दोन टीम्सना वेगळी असते. ड्राफ्ट रूममध्ये भिंतीवर नावांच्या पट्ट्या लावलेल्या असतात, शेकडो, आणि चांगल्या टीममध्ये त्या खोलीत पिचिंगचा मुख्य कोच बसलेला असतो आणि त्याला विचारतात की बाबा हा तुला दिला तर तू याचं काय करशील. ज्याला दोन वाक्यांत सांगता येतं तो पोरगा वर सरकतो.

कुठले दोष सुटतात? माझ्या अनुभवाने सांगतो, यावर मतभेद आहेत. ताकद वाढते, वजन वाढतं, त्यातून बॉलचा स्पीड वाढतो, वीस वर्षांपूर्वी लोक म्हणायचे स्पीड देवाने दिलेला असतो, आज तसं कोणी म्हणत नाही. बॉलची ग्रिप बदलून नवा पिच शिकवता येतो. बॅटचा रस्ता थोडा बदलता येतो. न सुटणारं म्हणजे मूळ कॉन्टॅक्ट, बॅट बॉलला लागतच नसेल तर फार काही करता येत नाही, आणि स्ट्राइक झोनबाहेरच्या (प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीबाहेरच्या) बॉलमागे धावायची सवय, ती सुटते पण फार हळू आणि सगळ्यांची नाही. म्हणून वरच्या पिक्समध्ये हिटर घ्यायचे आणि मधल्या राउंडमध्ये कॉलेजचे पिचर घेऊन घडवायचे, असा आज बऱ्याच टीम्सचा कल आहे. हायस्कूलच्या पिचरबद्दल तर इतिहासच बोलतो: ड्राफ्टच्या पहिल्या नंबरवर आजवर हायस्कूलचे फक्त तीन पिचर गेलेत, तिघेही डावखुरे. क्लाइडचं वर सांगितलं. १९९१ चा ब्रायन टेलर मेजर लीगला पोचलाच नाही. २०१४ चा ब्रेडी एकन, त्याच्या मेडिकलमध्ये कोपराच्या लिगामेंटवरून वाद झाला, अ‍ॅस्ट्रोजशी सहीच झाली नाही, पुढच्या वर्षी त्या कोपराचं ऑपरेशन झालं आणि तो पण कधी मेजर लीग खेळला नाही. अ‍ॅस्ट्रोजला मात्र बदली पिक मिळाला आणि त्यात अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला.

मधल्या राउंडमधून काय निघू शकतं याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण जेकब डीग्रॉम. स्टेट्सन युनिव्हर्सिटीत तो शॉर्टस्टॉप होता, पिचिंग शेवटच्या वर्षी जेमतेम सुरू केलेलं. मेट्सने २०१० ला नवव्या राउंडमध्ये घेतला, कारण हात मोकळा, अ‍ॅक्शन सहज, आणि न वापरलेला. पहिल्याच वर्षी कोपर गेलं, टॉमी जॉन ऑपरेशन (कोपराचं लिगामेंट बदलायचं), म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष बाहेर. फ्लोरिडात रिहॅब चालू असताना तिथेच योहान सांताना पण दुखापतीतून सावरत होता, त्याने या पोराला चेंजअपची (फास्टबॉलसारखा वाटणारा पण हळू येणारा बॉल) ग्रिप दाखवली. २०१४ ला डीग्रॉम पंचविशीत मेजर लीगला आला, त्याच वर्षी रुकी ऑफ द इयर, आणि मग २०१८ आणि २०१९ ला लागोपाठ साय यंग, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. असंच टारिक स्कूबलचं, सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटी, कॉलेजमध्येच टॉमी जॉन, परत आल्यावर वॉक भरपूर, २०१८ ला डेट्रॉइटने नवव्या राउंडमध्ये घेतला आणि २०२४, २०२५ दोन्ही वर्षं अमेरिकन लीगचा साय यंग त्याच्याकडे. या दोघांच्या आधी शेकडो पोरं निवडली गेली होती.

आता सही झाल्यावर काय होतं. मेडिकल, एमआरआय, मग फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनामधल्या टीमच्या कॉम्प्लेक्सला. पहिले काही दिवस फक्त मोजमाप: फोर्स प्लेटवर उड्या, अंगाला मार्कर लावून थ्रो, बॅटच्या मुठीला सेन्सर, खांद्याची रेंज, झोप, खाणं. मग कोच, ट्रेनर आणि अ‍ॅनालिस्ट बसून एक प्लॅन लिहितात आणि पोराला समोर बसवून समजावतात. चांगल्या प्लॅनमध्ये दोन, फार तर तीन गोष्टी असतात. दहा गोष्टी लिहिल्या की पोरगं एकही करत नाही आणि रात्री झोपत पण नाही.

प्रत्यक्ष काम कसं असतं ते एका सेशनवरून सांगतो. कॉलेजमधून आलेला एक उजव्या हाताचा पिचर होता, नाव सांगत नाही. हात जरा खालून, बाजूने यायचा. फास्टबॉल ९३, पण मार खायचा, कारण बॉल नीट मागे न फिरता थोडा कापला जायचा, म्हणजे ना तो वर तरंगायचा ना खाली बुडायचा, हिटरच्या अंदाजाप्रमाणे बरोब्बर येत राहायचा. कॉलेजमध्ये त्याला सांगत राहिले होते की मनगट सरळ ठेव, बॉलच्या मागे राहा. आम्ही सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, मागच्या मैदानावरच्या बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाची जागा) त्याच्या पाठीमागे हाय-स्पीड कॅमेरा लावला, त्यात दिसतं की बॉल सुटताना शेवटी कुठलं बोट लागतंय. याचं तर्जनी आधी सुटत होतं आणि मधलं बोट बॉलच्या बाहेरच्या बाजूने घसरत होतं, दर बॉलला, न चुकता. म्हणजे हा त्याचा दोष नव्हताच, त्याच्या हाताची घडणच तशी होती. मग मनगट बदलायचा नाद सोडला. फोर-सीमच्या (साधा सरळ फास्टबॉल) जागी टू-सीमची पकड दिली, शिवणीवर बोटं टेकवून, म्हणजे बॉल बुडायला लागला, आणि स्लायडर (थोडा आडवा वळणारा बॉल) काढून स्वीपर (त्याहून जास्त आडवा वळणारा) दिला, त्यात तेच बाहेरून घसरणं उपयोगाचं ठरतं. पहिले दहा-बारा बॉल जमिनीवर, जाळीवर, कुठेही. मग एक बॉल सुटला आणि कॅचरने हात लांब करूनही त्याला लागला नाही. ट्रॅकमॅनच्या (बॉलचा स्पीड आणि वळण मोजणारं रडार) स्क्रीनवर आडवं वळण पंधरा इंचांच्या पुढे, जुना स्लायडर सहा-सात इंच वळायचा. पोराने वळून स्क्रीन बघितली आणि लगेच बॉल मागितला. असा क्षण आला की आम्ही कोणी काही बोलत नाही, त्याला टाकू देतो. खरी मेहनत त्यानंतरची आहे हं, तो बॉल मॅचमध्ये, दोन बॉल एक स्ट्राइक असताना, स्ट्राइक झोनमध्ये टाकता यायला त्याला जवळजवळ अख्खा सीझन लागला.

आणि त्यासाठीच मायनर लीगच्या पायऱ्या. २०२१ पासून प्रत्येक टीमच्या चार पूर्ण सीझनच्या टीम्स असतात, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, देशभर मिळून १२०, आणि खाली कॉम्प्लेक्स लीग. सिंगल-एमध्ये नुसत्या स्पीडवर पिचर जिंकतो. हाय-एमध्ये पोरं थकायला शिकतात, म्हणजे रोज खेळून ऑगस्टमध्ये पण उभं राहायला शिकतात. डबल-ए ही खरी चाळणी, तिथे समोरचा पिचर मागे असतानाही, म्हणजे स्ट्राइकपेक्षा खराब बॉल जास्त झालेले असतानाही, ब्रेकिंग बॉल (वळणारा बॉल) टाकतो आणि हिटर खराब बॉल सोडून देतो, आणि एकाच गोष्टीवर इथवर आलेला पोरगा तिथे अडकतो. मी कोणाचा अंदाज बांधताना डबल-एच्या आधीचे आकडे फार मनावर घेत नाही. ट्रिपल-एमध्ये मेजर लीग बघून आलेली तिशीची माणसं असतात, अनुभवाने ठोकतात. आणि तरी वरची उडी मोठीच. बाल्टिमोरचा जॅक्सन हॉलिडे २०२२ चा पहिला पिक, सगळ्या पायऱ्या झपाझप चढला, एप्रिल २०२४ मध्ये मेजर लीगला आला आणि पहिल्या ३४ वेळच्या बॅटिंगमध्ये २ हिट, १८ स्ट्राइकआउट. परत ट्रिपल-ए. जुलैअखेर परत आला आणि त्याचा पहिला होमरन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला) होता. खाली पाठवणं ही शिक्षा नसते हे पोराला आणि त्याच्या घरच्यांना समजावणं हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे. उलट काही जण खरंच तयार असतात, पॉल स्कीन्स जुलै २०२३ ला पहिल्या नंबरवर गेला, बोनस ९२ लाख डॉलर, आणि मे २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये उभा होता, पण तो एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) कॉलेजच्या सगळ्यात वरच्या दर्जाचं बेसबॉल खेळून आलेला एकवीस वर्षांचा माणूस होता, आणि तरीही त्याच्या टीमने, पायरेट्सने, ट्रिपल-एमध्ये त्याला सुरुवातीला मोजून थोड्याच इनिंग दिल्या.

ड्राफ्टच्या बाहेरचा रस्ता पण सांगायला हवा, कारण मेजर लीगमधले कितीतरी मोठे खेळाडू डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाचे आहेत आणि त्यांना ड्राफ्ट नाही. सोळाव्या वर्षी थेट सही, दरवर्षी १५ जानेवारीपासून. होजे अल्टुवेला २००७ ला व्हेनेझुएलामधल्या ट्रायआउटमध्ये पहिल्या दिवशी बुटका म्हणून घरी पाठवलं, तो दुसऱ्या दिवशी परत आला, १५ हजार डॉलरवर सही झाली, पुढे एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. गोष्ट छान आहे पण त्या बाजारात अंधार पण आहे, बारा-तेरा वर्षांच्या पोरांशी तोंडी सौदे होतात, मधले ट्रेनर बोनसचा मोठा वाटा घेतात, आणि नियम मोडले म्हणून २०१७ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जच्या हातून १३ पोरं काढून घेतली गेली आणि त्यांच्या जनरल मॅनेजरवर बंदी आली. घरापासून लांब आलेल्या सोळा वर्षांच्या पोराला इंग्रजी शिकवणं, बँकेचं खातं उघडून देणं, पोटभर चांगलं खायला घालणं, हे पण डेव्हलपमेंटच आहे, आणि हे ज्या टीम्स मनापासून करतात त्यांची पोरं वर येतात असं मी बघितलंय.

खाण्यावरून आठवलं, पगार. २०२२ पर्यंत डबल-एचा पोरगा वर्षाला १३,८०० डॉलरवर खेळायचा, एका खोलीत पाच-सहा जण, जमिनीवर गाद्या. मायनर लीगचे खेळाडू युनियनमध्ये आले आणि २०२३ पासून डबल-एला किमान ३०,२५० आणि ट्रिपल-एला ३५,८०० झाले, राहायची सोय टीमने करायची. वर्षानुवर्षं लाखो डॉलर बोनस देऊन त्याच पोराला पीनट बटर-जेलीच्या सँडविचवर ठेवायचे, स्नायू कुठून वाढणार? याबद्दल मला आजही राग येतो.

आपल्याकडच्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेलचं पण विचारतात लोक नेहमी. उत्तर प्रदेशची पोरं, भालाफेक करायची, २००८ च्या टीव्ही स्पर्धेतून पुढे आली, रिंकू ८७ मैलाने टाकून जिंकला, अमेरिकेत टॉम हाऊससारख्या कोचकडे शिकली आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना साइन केलं, अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे पहिले भारतीय. दिनेश लवकर सुटला, रिंकू सिंगल-एपर्यंत गेला. बॉलला हात न लावलेली पोरं इतक्या कमी वेळात तिथवर जातात यातच कोचिंगची ताकद दिसते, आणि तिथेच थांबली यात बालपणापासूनच्या हजारो बॉल्सची किंमत दिसते. भारतात पोरं शोधायची असतील तर बारा-तेराव्या वर्षी शोधावी लागतील, विशीत नाही.

काही कडू नियम पण आहेत. पोरगं अठराव्या वर्षी किंवा आधी साइन झालं असेल तर पाच सीझननंतर, एकोणीस किंवा त्यापुढे असेल तर चार सीझननंतर त्याला टीमच्या ४० जणांच्या मेजर लीग यादीत घ्यावं लागतं, नाहीतर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरी टीम एक लाख डॉलर भरून उचलून नेते. डीग्रॉमला चेंजअप शिकवणारा सांताना असाच हातातून गेलेला होता. आणि मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात, सहा वर्षांनी खेळाडू मोकळा, म्हणून टीम्स तयार पोरालाही एप्रिलमध्ये दोन आठवडे मुद्दाम खाली ठेवायच्या. शिकागो कब्जने २०१५ ला क्रिस ब्रायंटला असंच ठेवलं, त्याचे १७१ दिवस भरले, एक कमी. त्याने तक्रार केली आणि ती हरला. माझ्या मते पोराशी हे वागणं चुकीचं आहे. २०२२ च्या करारात वरच्या प्रॉस्पेक्टना (मेजर लीगच्या उंबरठ्यावरची होतकरू पोरं) सीझनच्या सुरुवातीपासून खेळवणाऱ्या टीमला जादा पिक मिळायची सोय केली, त्याने फरक पडलाय.

सध्या मला सगळ्यात जास्त काळजी कोपरांची आहे. स्पीड वाढवता येतो हे कळल्यापासून सगळे तेच करतायत, पंधरा वर्षांची पोरं पण, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एमएलबीनेच (मेजर लीग चालवणारी संस्था) काढलेल्या रिपोर्टमध्ये म्हटलंय की स्पीड आणि वळणाच्या मागे लागून प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने टाकणं हे पिचर जायबंदी व्हायचं मोठं कारण आहे. आम्हीच ते शिकवतो, तेव्हा थांबवायची जबाबदारी पण आमचीच. मी माझ्या पिचरना दर आठवड्याला एक सेशन ठरवून कमी ताकदीवर टाकायला लावतो आणि रडार बंद ठेवतो, पोरं कुरकुर करतात, करू देत.

तुम्हाला हे सगळं बाहेरून बघायचं असेल तर एखाद्या टीमचा एकच ड्राफ्ट धरा आणि चार वर्षं त्यावर नजर ठेवा. पहिल्या पिकवर सगळेच लिहितात, तुम्ही चौथ्या ते दहाव्या राउंडमधल्या कॉलेज पिचरची नावं लिहून ठेवा. वर्षभराने त्यांचा स्पीड किती वाढला आणि कुठला नवा पिच आला ते बघा. हिटरची अ‍ॅव्हरेज बघू नका, त्या लेव्हलच्या इतरांपेक्षा तो किती लहान आहे, आणि स्ट्राइकआउटच्या मानाने वॉक किती घेतो ते बघा, आणि डबल-एला पोचल्यावर ते प्रमाण टिकलं का ते बघा. अशी तीन-चार पोरं एकाच टीममध्ये दरवर्षी दिसायला लागली तर समजा की त्या टीमच्या ड्राफ्ट रूममध्ये कोचला खुर्ची आहे.